ग्रामपंचायतीचं वीजबिल आणि सोलर: आधी मीटर बघा, मग पॅनल

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाव साडेचार हजार वस्तीचं. घरपट्टी आणि पाणीपट्टीतून जे जमतं त्यातलं बरंचसं पाणीपुरवठा आणि पथदिव्यांच्या बिलात जातं, काही बिलं थकलेलीही आहेत. एका एजन्सीने ५० किलोवॅटच्या सौर संचाचा प्रस्ताव दिलाय आणि 'बिल शून्य होईल' असं सांगितलंय. प्रस्ताव घ्यावा का, आणि गावातल्या घरांवरही सोलर बसावं म्हणून पंचायतीने काय करावं, हे दोन मुख्य प्रश्न तुम्ही विचारलेत, शिवाय 'आदर्श सौरग्राम' स्पर्धेबद्दलही.

मी गेली सोळा वर्षं ग्रामपंचायती आणि लहान नगरपंचायतींसाठी सौर संचांची आखणी आणि तपासणी करतो. माझं उत्तर असं की सोलर जरूर करा, पण हा प्रस्ताव आहे तसा घेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न एजन्सीला विचारा: ५० किलोवॅट कुठल्या मीटरवर जोडणार? पंचायतीला एक बिल येत नाही. विहिरीवरच्या पंपाचं वेगळं, बोअरचं वेगळं, कार्यालयाचं वेगळं, आणि पथदिव्यांची तर चार-पाच ठिकाणी विखुरलेली मीटरं. कार्यालयाच्या छतावर तयार झालेली वीज आपोआप विहिरीवरच्या मीटरच्या बिलातून वजा होत नाही. ज्या मीटरमागे संच जोडला, त्याच मीटरचं बिल कमी होतं. शिवाय संच किती मोठा असावा याला त्या मीटरच्या मंजूर भाराची मर्यादा असते. बिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, तो बघा. पंपाच्या मीटरवर १५ एचपी लिहिलं असेल तर ते झाले साधारण ११ किलोवॅट. तिथे ५० किलोवॅटचा अर्ज मंजूर होणारच नाही. भार वाढवून घेता येतो, पण मग दर महिन्याचा स्थिर आकार वाढतो आणि तो पाऊस असो वा ऊन, भरावाच लागतो.

म्हणून माझं पहिलं काम नेहमी एकच असतं: पंचायतीच्या सगळ्या मीटरांची मागच्या बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडायची. ग्राहक क्रमांक, मंजूर भार, दर महिन्याचे युनिट आणि थकबाकी, एवढं वहीत लिहायचं. ग्रामसेवकांना दोन दिवस लागतील. मी केलेल्या जवळपास प्रत्येक गावात या वहीतून काहीतरी बाहेर आलं आहे. कुठे बंद पडलेल्या बोअरचं मीटर चालू होतं. कुठे मीटर नादुरुस्त म्हणून वर्षभर सरासरीने बिल येत होतं. एका गावात शाळेजवळच्या पथदिव्यांच्या मीटरवरून एका खाजगी पिठाच्या गिरणीला वीज जात होती. हे दुरुस्त करायला एकही पॅनल लागत नाही.

आता पाणीपुरवठा, कारण खरा पैसा तिथे आहे. १५ एचपीचा पंप चालताना मोटरचे तोटे धरून साधारण साडेबारा किलोवॅट खेचतो. रोज सहा तास चालला तर ७५ युनिट. आपल्याकडे १ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिटच्या आसपास देतो. एप्रिल-मे मध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास निम्मे. म्हणजे ७५ युनिटांसाठी १९-२० किलोवॅट हवेत, आणि मंजूर भार ११. हा पेच सुटतो तो दोन बाजूंनी. एकतर ११ किलोवॅटच बसवायचा, रोजचे ४४ युनिट कमी करायचे आणि उरलेल्या ३१ युनिटांचं बिल भरायचं. किंवा आधी पंपाचे तास कमी करायचे. मी नेहमी दुसऱ्या बाजूने सुरुवात करतो. तीनदा रिवाइंडिंग केलेली मोटर, गळकी रायझिंग मेन (पंपापासून टाकीपर्यंतची पाइपलाइन), टाकी भरून वाहत असताना चालू राहिलेला पंप, या तिन्ही गोष्टी सोलरपेक्षा कितीतरी स्वस्तात सुटतात. सहा तासांचे साडेचार तास झाले की ७५ चे ५६ युनिट होतात, आणि मग ११ किलोवॅटचा संच मुख्य भार उचलतो. एजन्सी हे तुम्हाला सांगणार नाही, कारण तिला पॅनल विकायची आहेत. ती तिच्या जागी आहे, पण पंचायतीच्या बाजूने हा हिशेब मांडणारं कुणीतरी हवं.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. नेट मीटरिंगचा साधा संच, म्हणजे उरलेली वीज लाइनवर देऊन ती बिलातून वजा करून घेणारा, लाइन गेली की बंद पडतो. भर दुपारी लख्ख ऊन असलं तरीही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पॅनलची वीज लाइनजोगी करून देणाऱ्या यंत्रात, ही सोय मुद्दाम केलेली असते. त्यामुळे तुमचा पंप कुठल्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या कुठल्या वाहिनीवर आहे हे विचारून घ्या. गावठाण फीडरवर असेल तर दिवसभर लाइन असते, काही अडचण नाही. पण विहीर रानात असेल आणि पंप शेतीच्या फीडरवर असेल, तर तिथे बऱ्याचदा वीज पाळीने येते. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात दिवसा लाइन नाही, म्हणजे तुमचा संच दिवसभर उन्हात नुसता उभा. एका गावात मी हे काम झाल्यावर तपासायला गेलो होतो. कागदावर सगळं बरोबर होतं. पॅनल चांगली, वायरिंग नीट, आणि उत्पादन अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी. फीडरचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ते सरपंच अक्षरशः रडकुंडीला आले होते, कारण गावकऱ्यांना त्यांनीच शब्द दिला होता.

अशा ठिकाणी लाइनशी न जोडलेला थेट सौर पंप बरा. ऊन आलं की पंप चालू, ऊन गेलं की बंद, आणि पाणी टाकीत साठतं. वस्त्यांवरच्या छोट्या नळ योजनांमध्ये असे सौर पंप बऱ्याच ठिकाणी बसले आहेत, तुमच्या तालुक्यात एखादा असेल तर जाऊन बघा. त्याची उणीव अशी की टाकी भरल्यावर उरलेलं ऊन वाया जातं, कारण वीज लाइनवर देता येत नाही. आणि ढगाळ आठवड्यात पाणी कमी पडतं, म्हणून लाइनचा पर्याय तोडू नका.

दोन्ही प्रकारांत वेळापत्रक बदलावं लागतं. बऱ्याच गावांत पंप पहाटे चार वाजता सुरू करून थेट नळाला पाणी सोडतात. सोलर असलं तरी पहाटेच्या पंपाला त्याचा थेट उपयोग नाही. दहा ते चार या वेळात टाकी भरून ठेवायची आणि सकाळी गुरुत्वाने पाणी सोडायचं, असा बदल हवा. त्यासाठी टाकीत एक दिवसाचं पाणी मावलं पाहिजे. तुमच्या टाकीची क्षमता तुम्ही लिहिलेली नाही; माणशी रोज ५५ लिटर धरले तर साडेचार हजार लोकांना सुमारे अडीच लाख लिटर होतात. टाकी यापेक्षा फारच लहान असेल तर पहिला पैसा टाकीवर घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हा बदल करताना पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी विश्वासात घ्या. रोजचं सगळं त्याच्या हातात असतं.

पथदिव्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ते रात्री जळतात, पॅनल दिवसा चालतात. आधी दिवे एलईडी करा आणि प्रत्येक मीटरला टायमर बसवा. १२० दिवे ४० वॅटचे आणि रोज अकरा तास, तर साधारण ५३ युनिट. तेच २० वॅटचे केले की २६. बटण दाबायला माणूस उशिरा येतो म्हणून सकाळी नऊपर्यंत जळणारे दिवे मी किती गावांत पाहिलेत ते सांगता येणार नाही. बॅटरीवाले स्वतंत्र सौर पथदिवे मी फक्त तिथे सुचवतो जिथे खांबापर्यंत वायर नेणं परवडत नाही: स्मशानभूमीचा रस्ता, नदीकडचा घाट, दूरची वस्ती. एका गावाने सगळ्या गावात ते लावले. तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या गेल्या, नव्या बॅटऱ्यांसाठी अंदाजपत्रकात एक रुपया नव्हता, आणि गाव पुन्हा अंधारात. तिथल्या बायका संध्याकाळी बाहेर पडायला घाबरायला लागल्या होत्या. तेव्हापासून बॅटरीच्या बदलीची तरतूद दाखवल्याशिवाय मी त्या कामाच्या अंदाजपत्रकाला हात लावत नाही.

कार्यालय, शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांची छतं चांगली असतात आणि वापर दिवसाचा असतो, म्हणून ती सोलरला सोयीची. कार्यालयाला २-३ किलोवॅट पुरतात. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा धरा. मात्र शाळा आणि दवाखान्याची इमारत बहुधा जिल्हा परिषदेची असते. मीटर कुणाच्या नावावर, छत कुणाचं, पुढे दुरुस्ती कोण करणार, हे लेखी ठरवूनच पुढे जा. सरकारी इमारतींना घरांसारखं केंद्राचं अनुदान मिळत नाही, त्यामुळे पैसा स्वनिधी, वित्त आयोग, जिल्हा नियोजन किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी यातून उभा करावा लागेल. कुठल्या निधीतून कुठलं काम बसतं हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जेच्या संस्थेचं जिल्हा कार्यालयही तांत्रिक बाजूला मदत करतं.

एजन्सी स्वतःच्या खर्चाने संच लावते आणि पंचायतीने युनिटप्रमाणे पैसे द्यायचे, असाही एक मार्ग असतो. पैसा हातात नसेल तर तो मोहात पाडतो. माझा अनुभव असा की लहान भाराला चांगल्या कंपन्या फिरकत नाहीत, आणि करार बहुधा २५ वर्षांचा असतो. तुमची मुदत पाच वर्षांची. पुढच्या चार-पाच पंचायती ज्या कागदाने बांधल्या जाणार, तो कागद एखाद्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. मी स्वतः लहान गावांना हा मार्ग सुचवत नाही.

निविदेत दोन गोष्टींवर अजिबात मागे हटू नका. पहिली म्हणजे पाच वर्षांची देखभाल कामाच्या किमतीतच धरलेली असावी आणि रकमेचा काही भाग दरवर्षी, ठरलेले युनिट मिळाल्यावरच सुटावा. दुसरी गोष्ट लहान वाटेल, पण तिच्यामुळे मी सर्वांत जास्त संच आंधळे झालेले पाहिलेत. इन्व्हर्टरचं रोजचं उत्पादन मोबाइलवर दिसतं. त्याचं खातं एजन्सीच्या पोराच्या फोनवर उघडलेलं असतं. तो नोकरी सोडून गेला की पंचायतीला काहीच दिसत नाही. खातं ग्रामपंचायतीच्या ईमेलवर उघडा, पासवर्ड दप्तरात ठेवा, आणि तरीही एक साधी वही ठेवून रोज संध्याकाळचं रीडिंग लिहायला लावा. सलग तीन दिवस उन्हाचे आणि आकडा पडलेला, म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं शिपाईही ओळखतो. पॅनल महिन्यातून दोनदा, सकाळी लवकर, गार असताना धुवायची. बोअरचं जड पाणी वापरलं तर काचेवर क्षार धरतो, तेव्हा धुतल्यावर पुसून घ्यायचं. जवळ साखर कारखाना किंवा वीटभट्टी असेल तर हंगामात दर आठवड्याला.

आणि ११ किलोवॅटचा संच दुपारी बारा वाजता ११ किलोवॅट दाखवत नाही म्हणून लोक तक्रार करतील. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं, आणि प्रत्येक अंशामागे क्षमता साधारण ०.३५ टक्के घटते. ३५ अंशांचा फरक म्हणजे १२ टक्के तिथेच गेले. हा बिघाड नाही, हे ग्रामसभेत आधीच सांगून ठेवा.

आता घरांचा प्रश्न. इथे पंचायतीने ठेकेदार बनू नये, मदतनीस बनावं. 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. तिच्यात पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान घरमालकाच्या बँक खात्यात थेट येतं. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या नियमबदलानंतर तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट राहिलेली नाही. असं असताना लोक का अडकतात? मी पाहिलेलं सर्वांत मोठं कारण म्हणजे मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, घर तीन भावांत वाटलेलं आणि नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा जुनाच. हे काम पंचायतीच्याच हातातलं आहे. दोन दिवसांचं शिबिर घ्या. एका टेबलावर उतारे, दुसऱ्यावर महावितरणच्या माणसाकडून नावबदलाचे अर्ज, तिसऱ्यावर बँकेचा माणूस. यातून होणारं काम गावभर बॅनर लावून होत नाही. आणि पंचायतीच्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक घरगुती संचामागे स्थानिक संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहन देण्याची तरतूदही या योजनेत आहे, त्याची नोंद ठेवा.

पण प्रत्येक घराला सोलर घ्या असं सांगू नका. ज्या घराचं बिल महिन्याला ४० युनिटचं आहे, तिथे खालच्या टप्प्याचा दर मुळातच कमी असतो. कर्ज काढून ३ किलोवॅट बसवले तर ते फिटायला फार वर्षं लागतील. अशा घरांना १ किलोवॅट पुरतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्या व १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्याची 'स्मार्ट' ही जादा अनुदानाची योजना आहे, ती आधी तपासा. महिन्याला १५०-२०० युनिट जाळणारं घर, ज्याचं छत पक्कं आणि मोकळं आहे, त्याला खरा फायदा. मातीच्या धाब्याच्या किंवा जुन्या कौलारू घरावर वजन आणि वारा यांचा विचार न करता संच चढवू देऊ नका, अनुदान मिळत असलं तरीही. आणि साधा संच लाइन गेल्यावर बंद पडतो हे घरांनाही तितकंच लागू आहे. लोडशेडिंगमध्ये पंखा चालेल या आशेने कुणी पैसे घालू नयेत.

तुम्ही 'आदर्श सौरग्राम'चंही विचारलंय. प्रत्येक जिल्ह्यातून एका गावाला १ कोटी रुपये, अशी ती स्पर्धा आहे, पण आपल्या राज्यात त्यासाठी महसुली गावाची लोकसंख्या ५,००० च्या वर लागते. तुम्ही साडेचार हजार म्हणताय. अधिकृत आकडा बघून घ्या, नाहीतर त्यामागे वर्ष घालवू नका. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली, पण ती जेमतेम शंभरेक घरांची वस्ती. गाव बघायला जरूर जा. तिथून शिकायचं ते घराघराशी बोलून सगळ्यांना सोबत कसं घेतलं ते. किलोवॅटचा आकडा तुमच्या गावाला लागू पडणार नाही.

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेला गायरान जमीन देणं हा वेगळा विषय आहे. त्यात पंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे, पण पंचायतीचं बिल त्याने कमी होत नाही. शिवाय गावातली कुणाची जनावरं तिथे चरतात हे बघूनच ग्रामसभेने ठरवावं.

मुहूर्ताचं शेवटचं. थकबाकीच्या मीटरवरचा अर्ज अडकतो, म्हणून पंपाच्या मीटरचे हप्ते आत्ताच पाडून घ्या. छतावरची कामं पावसाळ्यात काढू नका. आणि शाळेचा संच मार्चअखेर चालू होईल असं बघा. मे महिन्यात शाळा बंद असते, ऊन कडक असतं, ते जवळपास सगळे युनिट लाइनवर जातात आणि नेट मीटरिंगच्या हिशेबात पुढच्या ३१ मार्चपर्यंत शाळेच्या खात्यात जमा राहतात. ३१ मार्चला जे शिल्लक असेल ते अगदी कमी दराने विकत घेतलं जातं. तोच संच जूनमध्ये चालू केला तर ती सुट्टीतली पुंजी मिळायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागतो.

बिलांची वही तयार झाली, की पंपाचा फीडर आणि टाकीची क्षमता तेवढी कळवा. मी आकडे मांडून देतो.